कोकणात मातीआड घर बांधायचंय: पाणी, वजन आणि वायरिंगबद्दल सल्ला हवा

सडेकर (धागाकर्ता)

राजापूर तालुक्यात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आमची वडिलोपार्जित जमीन आहे, समुद्रापासून सरळ रेषेत सात-आठ किलोमीटर. बिनशेतीचं काम झालंय. आम्हा दोघांना कायमचं राहायला साधारण अकराशे चौरस फुटांचं घर हवंय: दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी. तीन बाजूंनी माती चढवलेली आणि वर मातीचंच छप्पर, अशी कल्पना डोक्यात आहे.

कारणं दोन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात आलं, तेव्हा नात्यातल्या घरांची कौलं आणि पत्रे गेलेले पाहिले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. सड्यावर वाऱ्याला काही आडवं येत नाही. दुसरं कारण उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये कातळ तापला की स्लॅबचं घर रात्री अकरापर्यंत निवत नाही.

जागेच्या एका कोपऱ्यात जुनी चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढलेली खाण) आहे, बारा-चौदा फूट खोल. तीन बाजूंच्या भिंती आयत्याच कापलेल्या आहेत. घर त्यातच बसवावं, असा विचार आहे. माझे प्रश्न: खाण वापरावी का? छपरावर किती माती चालेल? आरसीसीच्या भिंतीत वायरिंग कसं करतात? आणि कातळावर अर्थिंग मिळतं का?

---

चिरा_चुना

सविस्तर लिहितो. बांधकामाचं काम रत्नागिरी-सिंधुदुर्गातच करतो, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जमिनीतल्या घरांची जी उदाहरणं आपण व्हिडिओत पाहतो, ती बहुतेक कोरड्या मुलखातली असतात. ट्युनिशियातलं मातमाता, ऑस्ट्रेलियातलं कूबर पेडी, चीनच्या पिवळ्या मातीच्या पठारावरची याओदोंग घरं. अमेरिकेत ही कल्पना १९७० च्या दशकात तेलटंचाईनंतर जोरात आली, ती घर गरम ठेवण्याचा खर्च वाचवायला. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि घर गरम ठेवायची गरज एकही दिवस नसते. म्हणून त्यांचे नकाशे जसेच्या तसे इथे चालत नाहीत. आपल्याकडे मातीआड घर टिकतं की सडतं, हे पाणी ठरवतं. बाकी सगळं त्यानंतर.

जांभा, म्हणजे इथला तांबडा कातळ, सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपत खाली जातं आणि खालच्या पांढरट-गुलाबी चिकणमातीच्या थरावर अडतं. मग त्या थराच्या वरून आडवं सरकत डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. तुमची खाण या वाटेत कुठे बसते, ते आधी बघा. आत्ता कोरड्या दिवसांत खाण छानच दिसेल. आषाढात जाऊन बघा. पाणी किती चढतं, भिंतीतून कुठल्या उंचीवर पाझर फुटतात, पाऊस थांबल्यावर किती दिवसांनी उतरतं.

आता आकडे. तीन मीटर उंचीच्या भिंतीमागे निथळलेली माती असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टन रेटा येतो. त्याच मातीत पाणी वरपर्यंत साचलं, तर तो सहा टनांच्या घरात जातो. म्हणजे भिंतीमागचं पाणी काढणं हे ओल टाळण्यापुरतं नाही, भिंत उभी राहण्यासाठीच आहे. भिंतीलगत फूटभर खडीचा पडदा, त्याला बाहेरून जिओटेक्सटाइलचं (पाणी सोडून माती अडवणारं) कापड आणि तळाशी भोकांचा १६० मिलिमीटरचा पाइप. हा पाइप घराच्या जमिनीपेक्षा निदान फूटभर खाली हवा, शंभरात एक उतार हवा, आणि त्याचं तोंड उघड्यावर, डोळ्यांना दिसेल असं निघायला हवं. वरच्या टोकाला झाकण ठेवा, म्हणजे दर वर्षी आगोटीच्या (पावसाआधीच्या) कामांत पाणी सोडून पाइप धुता येतो.

पंप लावून पाणी काढू, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. कोकणात पाऊस सर्वांत जोरात असतो, तेव्हाच लाईट जाते. निसर्गनंतर काही गावांत ती कित्येक आठवडे आली नव्हती. पाणी उताराने आपलं आपण गेलं पाहिजे. तशी वाट निघत नसेल, तर त्या जागी घर नको.

छपराचं सांगतो. भिजलेली माती घनमीटरला दोन टन धरायची. दीड फूट थर म्हणजे दर चौरस मीटरला नऊशे किलो. तुमच्या शंभर चौरस मीटरच्या छपरावर नव्वद टन, म्हणजे भरलेले तीन हायवा डंपर डोक्यावर उभे. वावर असलेल्या साध्या गच्चीला आपण चौरस मीटरला दीडशे किलोचा भार धरतो. तेव्हा नेहमीच्या ठेकेदाराच्या अंदाजाने स्लॅब टाकू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन घ्या. माझं मत विचाराल, तर आठ-नऊ इंच माती पुरे. गवत, वाळा तेवढ्यात जगतो, ऊन अडतं आणि भार निम्म्यावर येतो. खारी हवा आहे, म्हणून काँक्रीट एम ३० (जास्त मजबूत प्रतीचं) आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. यात तडजोड नको.

---

सडेकर

मनापासून आभार. खाणीत पाणी दिवाळीपर्यंत असतं. गुरं तिथेच पाण्यावर येतात. उताराकडची बाजू फोडून वाट काढायची, तर चाळीस-पन्नास फूट कातळ कापावा लागेल.

---

चिरा_चुना

दिवाळीपर्यंत पाणी थांबतं, म्हणजे तळ पाणी धरतोय. ती खाण तुमचं साठवणीचं तळं आहे, घराची जागा नाही. सड्यावर मार्च-एप्रिलमध्ये पाण्याचे काय हाल असतात, ते तुम्ही जाणता. ते तळं बुजवू नका.

घर वरच, सपाटीवर बांधा. खोदायचं नाही, माती चढवायची. पाया कातळावर, जमीन आजूबाजूपेक्षा दोन फूट उंच, आणि मग पश्चिम, दक्षिण, उत्तर या तिन्ही बाजूंना मातीचा उतार रचायचा. असं केलं की पाणी घराकडे येतच नाही, घरापासून दूर जातं. वादळात वारा उतारावरून वर चढून निघून जातो, त्याला पकडायला कड सापडत नाही.

---

पागोळी

चिरा_चुना, एक शंका. डोंगराच्या कुशीत अर्धं आत घुसवलेलं घर कसं? आमची जागा उतारावर आहे आणि मागची दरड कापून घर मागे सरकवावं, असं घरात चाललंय.

---

चिरा_चुना

पागोळीताई, कळकळीने सांगतो, नको. उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत काय झालं, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथली कारणं वेगळी असतील, पण भिजलेल्या उताराची ताकद किती, हे तर कळलं. तुमच्याकडे वरच्या अंगाला जमिनीत भेगा, वाकलेली झाडं, पावसात नव्याने फुटणारे पाझर असं काही असेल, तर भूगर्भतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय जेसीबी लावू देऊ नका.

---

माजघर

आम्ही गुहागर तालुक्यात अशा अर्ध्या मातीआडच्या घरात राहतो. तीन बाजूंना माती, वर गवत. राहून जे कळलं ते सांगते.

उन्हाळ्याचा आराम खरा आहे. पण अपेक्षा नीट ठेवा. जमीन खोलवर वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ असते आणि आपल्याकडे ती सरासरी २७ अंशांच्या आसपास. त्यामुळे घर गार पडत नाही, फक्त तापत नाही. दुपारी दोनला बाहेरून आत आलं की अंगावरचा ताण उतरतो, एवढं नक्की.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. बाहेरची हवा ओलीच असते, भिंती त्याहून जरा गार, त्यामुळे भिंतीलगतची हवा अगदी दमट होते. थेंब दिसत नाहीत, पण भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या मागे हिरवट-पांढरी बुरशी धरते. मागच्या खोलीतलं लाकडी कपाट पावसाळ्यात एकदा ओढून पाहिलं, तर मागची फळी हाताला मखमलीसारखी लागत होती आणि बोटांवर भुकटी राहत होती. तेव्हापासून मातीआडच्या भिंतीला एकही कपाट टेकवत नाही, चार बोटं जागा सोडतो. त्या भिंतींना आतून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात दिलाय. तैलरंग फुगून सोलतो.

वारा खेळला पाहिजे. मातीआडच्या घरात मागच्या भिंतीला खिडकी नसते, म्हणून छपराच्या मधोमध उंच झरोका काढा, वर पागोळीसकट छोटं कौलारू टोपण आणि बाजूंना जाळी. पुढच्या खिडक्यांतून आलेली हवा तिथून बाहेर पडते. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने तो झरोका रात्रंदिवस उघडा असतो.

तोंड पूर्वेला ठेवा. पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊनही तिकडूनच. त्या बाजूला माती असली की दोन्हींचा बंदोबस्त होतो. समुद्राचा देखावा हवा म्हणून पश्चिमेला काचा लावलेली घरं आमच्या आजूबाजूला आहेत. जुलैत त्यांच्या दारांखाली गोणपाटं टाकलेली दिसतात.

आणि गॅस. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. घराची जमीन आवारापेक्षा खाली असेल, तर त्याला जायला वाटच नाही. सिलिंडर बाहेर पडवीला जाळीच्या कपाटात ठेवा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला तळाशी झडप नसलेली जाळी ठेवा. झोपायच्या प्रत्येक खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट हवी, निदान माणूस निघेल एवढी खिडकी. आग लागली तर मागच्या खोलीतला माणूस अडकता कामा नये.

---

सडेकर

माजघरताई, हे कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. मातीच्या उताराची देखभाल किती करावी लागते?

---

माजघर

वर्षातून दोनदा कंबर बांधून. पक्षी उंबर, पिंपळ, वडाच्या बिया टाकतात. बोटभर रोप असतं तेव्हा उपटायचं. हातभर झालं की मूळ वॉटरप्रूफिंगपर्यंत पोचलंच समजा. दुसरा त्रास घुशींचा. माती मऊ, कोरडी, उंचावर, त्यांना अशीच जागा हवी असते. त्या बीळ करत भिंतीपर्यंत येतात आणि वॉटरप्रूफिंगची डांबरी शीट कुरतडतात. आम्ही उताराच्या पायथ्याला जांभ्याचा गडगा (दगडांचा बांध) घातला आणि भिंतीलगत शीटच्या बाहेर बारीक वेल्डमेश उभी केली. त्यानंतर त्रास कमी झाला. आंबा, काजू, फणस छपराच्या जवळपासही नको.

---

तारतंत्र

परवानाधारक वायरमन आहे, बरीच वर्षं याच कामात. सडेकर, तुमच्या वायरिंगच्या प्रश्नाकडे येतो.

पहिला नियम: ज्या भिंतीपलीकडे माती आहे, त्या भिंतीत एकही बोर्ड, एकही पाइप नको. छपराच्या स्लॅबमध्येही नको. साध्या घरात स्लॅबमधून पाइप टाकून पंख्याचे बॉक्स सोडतात. मातीच्या छपराला कधी बारीकशी गळती झाली, तर पाणी सर्वांत सोपी वाट म्हणून तोच पाइप धरतं आणि पंख्याच्या बॉक्समधून, नाहीतर थेट स्विचबोर्डातून बाहेर येतं. मग गळती छपराच्या एका टोकाला आणि पाणी दुसऱ्याच खोलीत. शोधणार कुठे?

म्हणून सगळं वायरिंग आतल्या चिऱ्याच्या भिंतींत आणि पूर्वेच्या भिंतीत घ्या. पंखे आणि दिव्यांसाठी स्लॅबच्या खालून उघडा पाइप चालवा, सॅडलवर, बीमच्या कडेने. नीट ओळीत बसवला तर वाईट दिसत नाही, आणि पुढे एक पॉइंट वाढवायचा झाला तर फोडाफोड नाही. पंख्याचे हूक मात्र सळईला बांधून स्लॅबबरोबरच घालून घ्या, नंतर ड्रिल नको.

वायर कॉपरची, एफआरएलएस (आग कमी पसरवणारी, कमी धुराची). दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगना अडीच, गिझर-एसीला चार. पाइप २५ मिलिमीटरचाच घ्या, वीसचा घेऊ नका. वळणाला एल्बो नको, बेंड वापरा. प्रत्येक रिकाम्या पाइपात ओढतार घालून ठेवा. जास्तीचे दोन पाइप डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून झरोक्यापर्यंत आणि पडवीपर्यंत रिकामे ठेवा.

आता ज्या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात. पाइप हा हवेचाही बोगदा असतो. बाहेरची ओली हवा मीटरच्या पेटीतून पाइपात शिरते, आत गार जागी पोचली की तिचं पाणी होतं. पावसाळ्यात बोर्ड उघडला की टर्मिनलवर हिरवा गंज दिसतो, तो बऱ्याचदा यामुळे. वायर ओढून झाल्यावर बाहेरच्या बाजूच्या प्रत्येक पाइपाचं तोंड सीलिंगच्या पुट्टीने बंद करा. मुंग्या आणि पालीही त्याच वाटेने एमसीबीत (जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये) जातात.

बाहेरून येणारी केबल: खांबापासून घरापर्यंत जमिनीखालून आर्मर्ड केबल घ्या, पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू, वर विटा किंवा चिऱ्याचे तुकडे आणि इशाऱ्याची पट्टी. कातळात चर मारणं खर्चाचं आहे, पण तोच चर पावसात ओढा होतो, हे विसरू नका. वाळू भरलेला चर घराकडे उतरत असेल, तर पाणी थेट तुमच्या भिंतीशी आणून सोडेल. चराचा उतार घरापासून बाहेर ठेवा आणि घराजवळ दोन फूट चर चिकणमातीने ठोकून भरा. केबल पूर्वेच्या भिंतीवर, जमिनीच्या वर चढवून आत घ्या. आत जाणारा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता.

---

सडेकर

आणि अर्थिंग? गावात एक जण म्हणाला की कातळावर अर्थिंग येतच नाही, नुसता रॉड ठोकून ठेवायचा.

---

तारतंत्र

नुसता रॉड ठोकून ठेवणं धोक्याचं आहे. सुका जांभा वीज फार वाईट वाहतो, हे खरं. म्हणून हिशेब समजून घ्या.

समजा तुमच्या अर्थिंगचा रोध १०० ओहम आला. गिझरच्या आत वायर पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्टला साधारण २.३ अँपिअर वाहतील. सोळा अँपिअरचा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही. गिझरचा पत्रा आणि त्याला जोडलेला नळ जिवंत राहील. पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) असेल, तर तो क्षणात तोडेल, कारण त्याला २.३ अँपिअर म्हणजे सत्तरपटीहून जास्त. म्हणून सड्यावरच्या घरात आरसीसीबी सक्तीचाच समजा. मी एक सगळ्या घराला लावत नाही, दोन-तीन सर्किटांत वाटतो. पावसाळी ओलीने एखादा पडला तरी फ्रीज आणि दिवे चालू राहतात. महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्टचं बटण दाबायचं. आणि तो पुन्हा पुन्हा पडतो म्हणून काढून टाकायचा नाही. पडतोय म्हणजे कुठेतरी करंट गळतोय.

तरी १०० वर समाधान मानू नका. अर्थिंगचा खड्डा सड्यावर नाही, खालच्या अंगाला जिथे माती खोल आहे आणि सांडपाण्याची ओल राहते तिथे घ्या. तिथून जीआय पट्टी घरापर्यंत आणा. दोन खड्डे घ्या, एकमेकांपासून लांब. पायाची सळईही अर्थ म्हणून उपयोगी पडते, कारण ओल्या मातीतलं काँक्रीट बऱ्यापैकी वाहतं. पाया भरण्याआधी सळईला पट्टी वेल्ड करून टोक पूर्वेच्या भिंतीशी वर काढून ठेवा. पण पायाखाली प्लास्टिक किंवा डांबरी शीट घातली असेल, तर तो मातीपासून तुटतो आणि उपयोग होत नाही. हे चिरा_चुनांशी बोलून ठरवा.

मोजणी मे महिन्यात करून घ्या. ऑगस्टमध्ये कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. मे-जून आणि परतीच्या पावसात सड्यावर विजा पडतात, म्हणून बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं) हवंच.

---

वाऱ्याची_वाट

सोलर लावणार असाल तर छपराच्या मातीत खांब रोवायचे का? आमच्याकडे तसंच सुचवलंय.

---

तारतंत्र

नको. प्रत्येक खांब म्हणजे वॉटरप्रूफिंगला एक भोक. पॅनेल दक्षिणेकडच्या उताराच्या पायथ्याशी, जमिनीवरच्या पायावर लावा. वादळाचा विचार करून फ्रेम आणि पाया भक्कम करा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान जाहीर झालं होतं. पण साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा लाईट गेली की बंद होते. तुम्हाला बॅटरीसकट हायब्रीड इन्व्हर्टर लागेल. बॅटरी पाण्याची असेल तर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती मागच्या बंद खोलीत कधीही ठेवू नका. पडवीत, वारा लागेल तिथे. जनरेटर तर घरापासून लांबच, त्याच्या धुराने माणूस झोपेतच जातो.

---

गावठाण

सगळं वाचलं. पण मोठ्या पागोळ्यांचं, जाड चिऱ्याचं कौलारू घर काय वाईट आहे? खर्च कमी, गावातलेच गवंडी दुरुस्त करतात, वारा मोकळा.

---

माजघर

वाईट काहीच नाही. झाडांच्या आडोशाला, वाडीत घर असेल तर मीही तेच सांगेन. सडेकरांचा प्रश्न उघड्या सड्याचा आहे. तिथे कौलं दर वर्षी सरकतात आणि चाळायला माणूस मिळत नाही.

अवांतर, पण महत्त्वाचं: राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं (कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) आहेत. बारसू, देवाचं गोठणं, देवीहसोळ ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण अजूनही नवी सापडतात. जेसीबी फिरवण्याआधी कातळ झाडून, पाणी मारून, तिरप्या उन्हात एकदा नीट पाहून घ्या.

---

सडेकर

सगळ्यांच्या सल्ल्याने बेत बदलला. खाण तशीच ठेवतोय, भोवती गडगा घालून. घर वर सपाटीवर, तोंड पूर्वेला, तिन्ही बाजूंना मातीचा उतार, छपरावर नऊ इंच माती. कातळ पाहून घेतला, त्या जागी शिल्पं नाहीत. इंजिनिअरला पुढच्या आठवड्यात भेटतोय. चिरा_चुना, त्याला काय काय विचारू?

---

चिरा_चुना

मातीचा रेटा कुठल्या पाणीपातळीला धरलाय, ते विचारा. छपराला निदान चाळीसात एक उतार मागा. वॉटरप्रूफिंगवर माती टाकण्याआधी तीन दिवस पाणी कोंडून ठेवायचं, हे करारात लिहून घ्या. नंतर गळती शोधायला सगळी माती उपसावी लागते. शीटवर मुळं अडवणारा थर, त्यावर गाठींची ड्रेनेज शीट, मग कापड, मग माती. आणि भरावा स्लॅब पक्का झाल्यावरच, तिन्ही बाजूंनी सारखा, नऊ-नऊ इंचाच्या थरांत. एका बाजूने जेसीबीने माती लोटली, तर भिंत तिथेच झुकते. जेसीबी छपरावर चढवू देऊ नका, ड्रायव्हर कितीही अनुभवी असला तरी.

मिरगाच्या आत भरावा आणि गवत दोन्ही झालं पाहिजे. नाहीतर पहिल्या पावसात उतार वाहून अंगणात येईल. तेवढा वेळ नसेल तर या वर्षी फक्त चौकट उभी करा, पाऊस तिच्यावर पडू द्या आणि कुठे पाणी थांबतं ते पाहून घ्या.

---

तारतंत्र

माझ्याकडून शेवटचं. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी आणि गिलाव्याच्या आधी, प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून पाइपांचे फोटो काढा. पट्टीवरचे आकडे फोटोत वाचता आले पाहिजेत. त्याची छापील प्रत डिस्ट्रिब्युशन बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवा, कारण दहा वर्षांनी येणारा वायरमन मी नसेन. पाया भरायच्या आधी अर्थिंगच्या पट्टीचा फोटो इथे टाका, वेल्डिंग बघून सांगतो.